कार्डावरची मुलगी

माझं आधार कार्ड गावी काढलं तेव्हा घरात एकच फोन होता आणि तो मोठ्या आईच्या कमरेला खोचलेला असायचा. मोठी आई म्हणजे माझ्या बाबांची थोरली वहिनी. त्या एका कारणाने, मी नागपूरला कॉलेजात शिकत असले तरी माझा प्रत्येक सरकारी ओटीपी नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बागेत जाऊन पडतो. मग मी तिला फोन करायचा, तिने तो कापून मेसेज शोधायचा, परत मला लावायचा आणि एकेक आकडा ओरडून सांगायचा. अख्ख्या बागेला माझा ओटीपी ठाऊक होतो. "नंबर बदलून घे ना एकदाचा," असं मैत्रिणी सांगून थकल्या होत्या. मी दरवेळी "बघते" म्हणायचे आणि बघायचे नाही.

त्या दिवशीही कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीशी उभी राहून मी तिला फोन लावला. तिने आकडे सांगितले आणि लगेच विचारलं, "जेवली का वं?"

"आत्ता? सकाळी सकाळी कोण जेवतं?"

"मंग पोहे तरी खाल्ले का?"

"खाल्ले, खाल्ले. ठेव आता, मागे लाईन आहे."

पोहे मी खाल्ले नव्हते. तिने सांगितलेले आकडे टाकले आणि पान उघडलं. नवीन पान होतं, गेल्या वर्षीच्या मुलांनी सांगितलं होतं त्यातलं काहीच त्यावर नव्हतं. खिडकीमागच्या मॅडम चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "देख बेटा, यावर्षीपासून फॅमिली डिटेल्स आपण नाही भरायच्या. रेशन कार्डचा नंबर टाक, बाकी ते आपोआप येते."

मी नंबर टाकला, आणि आपोआप जे आलं ते मी दोनदा वाचलं.

सगळ्यात वर कुटुंबप्रमुख म्हणून मोठी आई. कार्डावर घरातली थोरली बाईच प्रमुख असते. तिच्याखाली मोठे बाबा, म्हणजे तिचे यजमान. मग माझे दोन चुलत भाऊ, मुलगा आणि मुलगा. आणि त्यांच्याखाली मी. नातं, मुलगी. माझे आईबाबा सगळ्यात शेवटी होते, दीर आणि जाऊ म्हणून, जसे पंगतीला उशिरा आलेले पाहुणे. पानाच्या तळाशी लाल अक्षरात लिहिलं होतं की या कुटुंबातल्या दोन अपत्यांनी लाभ घेतलेला आहे, तिसऱ्या अपत्याचा अर्ज स्वीकारता येत नाही.

एका कुटुंबातल्या दोनच मुलांना ही स्कॉलरशिप, हा नियम जुनाच. माझ्या दोन्ही दादांनी ती घेतली होती, एकाने डिप्लोमाला आणि एकाने इंजिनीअरिंगला. पण पूर्वी आपलं कुटुंब कोणतं हे आपण स्वतः लिहून द्यायचो आणि कार्डाचा फोटो शेपटाला जोडायचो. आता विचारणारंच कोणी राहिलं नव्हतं. कार्ड म्हणेल ते कुटुंब.

"मॅडम, हे चुकीचं आहे. मी यांची मुलगी नाही, पुतणी आहे."

"मग हे दुरुस्त करून आण. तुझ्या आईवडिलांचं वेगळं कार्ड बनवून घे, त्यात तू मुलगी. बस." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि जल्दी कर. अर्जाचा नंबर जमा नाही झाला तर ऑफिस तुला फुल फी मागेल."

फुल फी म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. फार्मसीची सीट मला मिळाली होती ती या स्कॉलरशिपच्या भरवशावर. बाबा टेम्पो चालवतात, तोही मालकाचा. आई एका शिवणकामाच्या युनिटमध्ये दिवसभर कॉलर लावते. अर्ज झाला नाही तर सीट सोडायची आणि घरी बसायचं, यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. मी खिडकीपासून बाजूला झाले तेव्हा माझ्या मागचा मुलगा माझ्याकडे असा बघत होता की माझा त्याच्यावरच राग निघाला असता.

राग मला लवकर येतो. मोठे बाबा मला भिवापुरी म्हणतात, तिकडच्या मिरचीवरून.

*

ती चूक कशी झाली ते मला माहीत होतं, कारण ती झाली तेव्हा मी तिथेच बसले होते.

आईबाबा नागपूरला आले ते एका खोलीत. दोघंही दिवसभर कामावर, लहान मुलीकडे बघायला कोणी नाही. म्हणून मला गावी ठेवलं, आणि थोडे दिवस म्हणता म्हणता माझी दहावी तिथेच झाली. मोठ्या आईला मी आई म्हणायचे. जन्म दिलेल्या आईला म्हणायचे 'नागपूरची आई'. ती सणावाराला यायची, माझ्यासाठी फ्रॉक शिवून आणायची आणि तो मापात कधीच बसायचा नाही, कारण मधल्या काळात मी वाढलेली असायचे. अकरावीला नागपूरला राहायला आल्यावर मी शहाण्यासारखी नावं बदलली. ही आई झाली आणि ती मोठी आई. तोंडाला वळण लागायला बरेच दिवस गेले.

रेशन कार्डं कॉम्प्युटरवर चढवायला माणूस गावात आला तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. मोठी आई ओट्यावर बसून माझी वेणी घालत होती, रिबीन तिच्या दातात होती. तो माणूस घरातल्या एकेकाचं नाव आणि नातं विचारत होता. माझ्याकडे पेन करून म्हणाला, "आणि ही?" मोठ्या आईने तोंडातली रिबीन काढली आणि म्हणाली, "माही पोरगी." परत रिबीन दातात धरली. मोठे बाबा बाजूलाच सुपारी कातरत होते. त्यांना त्यात दुरुस्त करण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्या घरात पुतणी हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेलाच नाही.

*

घरी येऊन मी सगळं सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. घास तसाच हातात राहिला.

"वेगळं कार्ड?" ते म्हणाले. "म्हणजे वेगळं निघाल्यासारखंच झालं ना बापा ते. गावात काय म्हणतीन? भाऊ-भाऊ वेगळे झाले म्हणतीन."

"बाबा, कार्ड वेगळं होणार आहे. शेत नाही."

"तुले काय समजते त्यातलं?" ते चिडले. ते घाबरले की चिडतात, हे मी त्यांच्याकडूनच घेतलं आहे. "वहिनीले मी नाही सांगू शकत. माह्याच्यानं नाही होणार."

"तिलाच तालुक्याला यावं लागेल. प्रमुख ती आहे. तिने समोर उभं राहून सांगायचं की ही माझी मुलगी नाही, मग अंगठा लावायचा."

बाबांनी ताट पुढे सारलं आणि हात धुवायला उठले. आई मात्र जागची हलली नाही. ती पोळ्या लाटत होती ती लाटतच राहिली, आणि थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, "चांगलंच झालं."

"काय चांगलं झालं?"

"कागदावर तरी माही होशीन."

मला एकदम संताप आला. माझी सीट जायची वेळ आली होती आणि हिला हे सुचत होतं. "तुला आत्ता हेच दिसलं का गं?" मी म्हणाले. शेवटची पोळी आईने तव्यावर इतकी दाबली की ती फुगली नाही. मला तिचा राग आला होता हे खरं, आणि त्याच वेळी तिच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटत होतं हेही खरं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही, बॅग भरायला घेतली.

फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. जायचं ठरलं मीच.

*

काटोलपर्यंत एसटीत जागा मिळाली नाही, पुढे मिळाली. खिडकीतून सगळीकडे संत्र्यांच्या बागा, झाडं हिरव्या फळांनी लगडलेली, आणि मी वाक्य जुळवत होते. 'मोठी आई, एक छोटं काम आहे.' नाही. 'मोठी आई, नियम बदलले.' तेही नाही. नरखेडला मोठे बाबा मोटरसायकल घेऊन आले होते. त्यांनी काही विचारलं नाही. मी आठवड्याच्या मधेच आले म्हणजे काहीतरी आहे एवढं त्यांना कळलं असणार. गाडी घराकडे न नेता त्यांनी सरळ बागेत नेली.

त्या दिवसांत फळगळ चालू होती. आंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याची, हिरवी फळं पावसाने आणि रोगाने टपाटप खाली पडतात, ती वेचून बागेबाहेर नेऊन पुरावी लागतात, नाहीतर रोग बाकीच्या झाडांवर जातो. मोठी आई घमेलं घेऊन झाडाखाली वाकली होती. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की माझी सगळी जुळवलेली वाक्यं गेली.

"अवं! अचानक काहून आली? बरं नाही का तुले?"

मी पण घमेलं घेतलं आणि वेचायला लागले. वाकून, तिच्याकडे न बघता सांगणं सोपं जाईल असं वाटलं. स्कॉलरशिप, नवीन नियम, कार्ड, लाल अक्षरं, सीट. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुला फक्त तालुक्याच्या ऑफिसात येऊन सांगायचं आहे की नाव चुकून लागलं."

ती वेचायची थांबली होती. मी मान वर केली.

"तुह्या मायनं सांगतलं का असं करायले?"

"आईचा काय संबंध? कॉलेजनं सांगितलं."

"तुमाले वेगळं व्हाचं असन त सीधं सांगाचं ना. कालेजचं नाव काहून करून राहिले?"

"कोणाला वेगळं व्हायचं नाही! कागद आहे फक्त तो."

"कागद आहे त राहू दे मंग जसा आहे तसा." तिने घमेलं उचललं. "मी नाही येत. मी कचेरीत जाऊन खोटं नाही बोलत."

"खोटं?" माझा आवाज चढला. "खोटं आता कुठे बोलायचंय? खोटं तर तेव्हाच लिहून झालं. मी तुझी मुलगी नाही, हे खरं आहे. खरंच सांगायचं आहे."

झाडावरून एक फळ टप्पकन आमच्या मधे पडलं. तिने ते वाकून उचललं, घमेल्यात टाकलं आणि बांधाकडे चालायला लागली. तिची चाल नेहमीचीच होती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

घरी तिने मला जेवायला वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, वर कच्चं तेल, सगळं मला आवडतं तसं. पण ताट समोर ठेवताना ती एक शब्द बोलली नाही. घे म्हणाली नाही, पुरे का म्हणाली नाही. त्या घरात मी पुरे म्हटल्यावरही ताटात भाकर पडायची, त्या घरात मला त्या दिवशी स्वतः हात लांब करून भाकर घ्यावी लागली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. सीट गेली तर ती हिच्यामुळे जाईल, असंही मनात येऊन गेलं. मोठे बाबा दोघींकडे बघून अंगणात निघून गेले.

आईला मी फोन करून सांगितलं की काही खरं नाही, ती येणार नाही म्हणते. आई म्हणाली, "मी येते उद्या. सह्या करायले मी पण लागीनच ना." नवीन कार्ड तिच्याच नावाने निघणार होतं, त्यामुळे ती लागणारच होती. पण या दोघी जावा समोरासमोर आल्या की काय होईल, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

*

सकाळी मी उठले तर मोठी आई तयार होऊन ओट्यावर बसली होती. लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसली होती, पिशवीत कार्ड, आधार, फोटो. "चाल," एवढंच म्हणाली. का तयार झाली ते मी विचारलं नाही. विचारलं आणि तिचं मन फिरलं तर?

तालुक्याला आई आमच्याआधी पोचली होती. गेटजवळच्या लिंबाखाली उभी होती, इस्त्रीची साडी, हातात प्लॅस्टिकची फाईल. ती पुढे होऊन मोठ्या आईच्या पाया पडली. मोठ्या आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर फाईलवर होती.

"पूर्ण तयारीनं आली वाट्टे," मोठी आई म्हणाली.

आईने फाईल पदराआड घेतली. मग आम्ही तिघी रांगेत उभ्या राहिलो, मोठी आई पुढे, मी मधे, आई मागे. रांग पुढे सरकली की मी मागे वळून आईकडे बघायचे, ती फाईलची गुंडी लावायची, काढायची. पुढे बघायचे तर मोठ्या आईची ताठ पाठ. आदल्या दिवशीची तिची वाक्यं माझ्या कानात घुमत होती. खिडकीशी जाऊन ही ऐन वेळी काय बोलेल याची मला जराही खात्री नव्हती.

खिडकीतले साहेब तरुण होते आणि शांत होते. त्यांनी आमचे कागद लावले, कॉम्प्युटरवर कार्ड उघडलं, आणि मोठ्या आईला विचारलं, "मावशी, ही मुलगी तुमच्या नावाखाली मुलगी म्हणून लागलेली आहे. चुकून लागली का?"

मोठ्या आईने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मावशी? चुकून लागली का हे नाव?"

"चुकून नाही," मोठी आई म्हणाली. "मीच सांगतलं होतं तसं लिहा म्हनून."

साहेबांचे हात कीबोर्डवरून उचलले गेले. "म्हणजे? ही तुमची मुलगी नसताना मुलगी म्हणून सांगितलं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण ते सावध झाले होते. "मावशी, बघा. चूक असेल तर मी दुरुस्ती करून देतो. पण जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असं असेल तर मला हा अर्ज वर पाठवावा लागेल. त्याला वेळ लागेल."

वेळ म्हणजे सीट गेली. मला ओरडून सांगायचं होतं की हो, चुकून, चुकून लागली, लिहा. पण बोलायचं होतं तिने, माझ्या बोलण्याला तिथे काही किंमत नव्हती. मोठी आई खिडकीच्या लाकडी कडेवर हात ठेवून नुसती उभी होती. मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली.

तेवढ्यात मागून आई पुढे आली. मला वाटलं, आता ही भांडणार. आता ही फाईल उघडणार, जन्माचा दाखला खिडकीत ठेवणार आणि सांगणार की पोरगी माझी आहे. दाखला तिने सगळ्यात वर लावून आणला होता, मी रांगेत बघितला होता.

तिने फाईल उघडली नाही.

"ताई खोटं नाही बोलल्या, साहेब," आई म्हणाली. "तेव्हा पोरगी यायच्याच घरी होती. यायलेच आई म्हणे. मी..." ती थांबली, आणि मग इतक्या माणसांसमोर, मान खाली घालून तिने सांगितलं, "मी ठेवून गेली होती तिले."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे मला ठेवून गेली हे मला माहीतच होतं, पण तिच्या तोंडून हे वाक्य असं कधी आलं नव्हतं. घरात आम्ही म्हणायचो, 'तू गावी होतीस तेव्हा'. जणू मी स्वतःच चालत गेले होते. रांगेतल्या एका बाईने आईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्या बाईचं थोबाड फोडावंसं वाटलं मला.

मोठ्या आईनेही ती नजर बघितली असावी. ती गर्रकन वळली.

"ठेवून काहून जाईन ते?" ती रांगेलाच ऐकू जाईल अशी बोलली. "काही नाही ठेवून गेली. मीच ठेवून घेतली होती. मले दोन पोट्टे, पोरगी नाही. मी म्हटलं राहू दे माह्यापाशी, हे बिचारी नाही म्हनू शकली नाही. थोरली जाऊ ना मी." मग ती खिडकीकडे वळली आणि त्याच दमात म्हणाली, "लिहा साहेब तुमी. चुकून लागली. माही नाही, जावेची पोरगी आहे. आना ते मशीन इकडे."

साहेबांनी क्षणभर तिघींकडे बघितलं. मग मान हलवून टाईप करायला लागले, आणि अंगठ्याचं मशीन खिडकीतून बाहेर सरकवलं.

मोठ्या आईने अंगठा लावला. आदल्या दिवशी 'मी कचेरीत खोटं बोलत नाही' म्हणणारी बाई अख्ख्या रांगेसमोर खोटं बोलली होती. तिने मला मागून घेतलं नव्हतं. आईनेच मला तिच्या ओट्यावर आणून सोडलं होतं, हे आम्हा तिघींना पक्कं माहीत होतं.

आम्ही बाहेर आलो. आई लिंबाखाली उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मोठी आई तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "रडून काय राहिली? झालं ना काम." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माही गाडी लागली," आणि स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीकडे निघाली. मी मागे धावले, पण ती चढून खिडकीशी बसली होती आणि समोर बघत होती. गाडी सुटली. तिने मागे वळून बघितलं नाही.

*

नवीन कार्ड कॉम्प्युटरवर दिसायला वेळ लागला आणि तो सगळा वेळ माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज खिडकीशी जायचे, मॅडम बघायच्या, "नहीं बेटा, अभी नहीं." मी मोठ्या आईला फोन करत होते. उचलायचे मोठे बाबा. "बागेत आहे," म्हणायचे, नाहीतर "झोपली आहे." दुपारी ती कधी झोपत नाही.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी नाव दिसलं. कुटुंबप्रमुख आई, खाली बाबा, खाली मी. मुलगी. लाल अक्षरं गेली होती. मॅडम खूश होऊन म्हणाल्या, "चल, आता फक्त ओटीपी टाक आणि सबमिट कर."

ओटीपी. तो कुठे गेला असेल ते मला तेव्हा आठवलं.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. परत बंद पडला. मॅडम म्हणाल्या, "नंबर बदलून घेतला नाही का अजून?" मागच्या मुलांना मी पुढे जायला सांगितलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. तिने मशीनवर अंगठा लावला होता, आईला सांभाळून घेतलं होतं, ते सगळं केलं होतं. पण माझ्याशी बोलायचं तिने कबूल केलं नव्हतं. मी तिला बागेत जे बोलले होते ते मागे घेता येण्यासारखं नव्हतं, कारण आता सरकारी कागदावरही तेच लिहिलं गेलं होतं.

फोन वाजला. तिचाच.

"हॅलो?"

ती एकदम आकडेच सांगायला लागली. एकेक, ओरडून, नेहमीसारखी. मी खिडकीकडे धावले, मुलांना बाजूला सारलं आणि ते टाकले. मॅडमनी सबमिट केलं. अर्जाचा नंबर आला. मी तो तळहातावर लिहून घेतला.

"झालं का?" तिकडून विचारलं.

"झालं."

"मंग आता हा नंबर बी काढून टाकशीन का? तुह्या मायचा लावशीन?"

"नाही."

"काहून?"

"राहू दे तुझाच," मी म्हणाले. "मला पाठ आहे तो."

मागे बागेत कोणीतरी तिला हाक मारत होतं, घमेल्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ठेवेल फोन. मग तिचा आवाज आला, जरा घोगरा.

"जेवली का वं?"

"नाही," मी म्हणाले. त्या खिडकीशी उभी राहून मी तिला पहिल्यांदाच खरं सांगत होते. "सकाळपासून काहीच नाही खाल्लं, आई."